आईबापांचा दाखला आणि मुलाचे नागरिकत्व

दाखल्यासाठी वणवण आपल्याला नवी नाही. मुलाची जात पडताळणी निघाली की आजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधायला गाव गाठावे लागते. आजोबांना शाळेची पायरीच चढू दिली नसेल, तर शाळेचा दाखला आणायचा कुठून? हाच प्रश्न आता नागरिकत्वाला लावून पाहा.

३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेले मूल, परकीय वकिलातींसारखे अपवाद सोडले तर, जन्मानेच भारतीय ठरले. दुसऱ्या दिवसापासून आईबापांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत. एकच असेल तर दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे नालासोपाऱ्यात एकाच दवाखान्यात, एकाच रात्री जन्मलेल्या दोन मुलांपैकी एक देशाचे, तर दुसरे कोणत्याच देशाचे नाही, असेही घडू शकते.

हा वाद जुना आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी तक्रार केली की, हे नागरिकत्व फार स्वस्त झाले. मुंबईत काही तास थांबलेल्या प्रवासी बाईचे मूलही भारतीय होईल. उलट, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला व शिखाला, तो कुठेही असो, नागरिकत्व द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुजनांच्या शिक्षणासाठी झटलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे नवल वाटते. बाबासाहेबांच्या मसुद्यात अधिवासाची अट होतीच. तिच्या जोडीला इथला जन्म, आईबापांपैकी एकाचा इथला जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एक पुरे होते. धर्म विचारलेला नव्हता. पुढचा कायदा त्यांनी संसदेवर सोपवला, हेही खरे.

कुणी विचारील, देशाला सीमा नको काय? हवी. सीमा चोरून ओलांडणाऱ्याचा न्याय करा. पण मुलाने कोणती सीमा ओलांडली? आईबापांचे कर्म मुलाच्या माथी मारणे, याचा अनुभव आपल्यापेक्षा अधिक कुणाला असेल?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे सहा ते चौदा वर्षांचे कोणतेही मूल शाळेत बसते. पटावर नाव घालताना आम्ही नागरिकत्व विचारत नाही. मात्र २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादी नव्याने तपासताना २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांकडून आई आणि वडील, दोघांचेही पुरावे मागितले गेले. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईचा जन्म कोणत्या दप्तरात सापडणार?