मूठभर बी

माझा पुतण्या सैन्यात आहे. दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेतलं काम संपवून तो मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी आला, तेव्हा आईने नातवाला विचारलं, "तिकडच्या मक्याचं बी आणलं का रे?"

त्याने नाही म्हटलं. विमानात बसण्याआधी बुटांच्या तळव्यातली मातीसुद्धा घासून काढायला लावली होती.

"मूठभर बियानं इमान जड झालं असतं का?" आई रुसली.

तिचं काय चुकलं? आमच्याकडे बी मागणाऱ्याला कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. बी देणं हा धर्म असेल, तर ते न आणणं हाही धर्म कसा?

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे तळ फ्रान्समध्ये बोर्दोजवळ होते. त्याच भागात पुढे बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा सापडला आणि तिथून युरोपभर पसरला. कुणा सैनिकाने शेतकऱ्याचं वाईट चिंतलं नव्हतं. १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलेलं गाजर गवत आज आमच्या बांधावर आहे. तेही कुणी मुद्दाम पेरलं नाही. आपण दोष हेतूवरून ठरवतो. पीक मात्र हेतू शुद्ध असला तरी जातंच.

भाऊ म्हणतो, "२०१८ला कर्नाटकात सापडलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्या मक्याच्या पोंग्यात बसलीय. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो. त्याचे बूट कोण घासणार?"

त्याचं मक्याचं नुकसान मी पाहिलंय, त्यामुळे पटकन उत्तर देववत नाही. तरीही वाटतं, वाऱ्यावर आपला ताबा नाही म्हणून बुटावरची जबाबदारी सुटत नाही. परदेशी बियाण्याला दार कायमचं बंद नाहीच. परवाना घेऊन, रोग-कीड नसल्याचा दाखला घेऊन, तपासून ते येऊ शकतं. पाहुण्याने पाय धुऊन घरात यावं, इतकीच अट.

अडचण एवढीच, की या काळजीचं फळ दिसत नाही. घासलेल्या बुटांमुळे कुणाचं शेत वाचलं, हे पुतण्याला कधी कळणार नाही, त्या शेतकऱ्यालाही नाही. आभार नाहीत, पुरावा नाही. अनोळखी माणसाच्या न झालेल्या नुकसानासाठी आपल्या माणसाचा रुसवा सोसायचा.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पुतण्याची सुट्टी संपत आली तरी तिचा रुसवा मात्र पुरता गेलेला नाही.