पाळत आणि काळजी

दुबळ्या हृदयाचे दुखणे पुष्कळदा निःशब्दपणे वाढत असते. शरीरात पाणी साठू लागते, वजन चढते आणि धाप लागल्याची तक्रार त्यानंतर काही दिवसांनी येते. घरच्या माणसांच्या नजरेतून जे निसटते ते वजनकाट्याला दिसते. तो आकडा रोज रुग्णालयात पोहोचला तर संकट वेळीच ओळखता येईल, या विचारातून दुरून देखरेख करण्याची पद्धत उदयास आली. परंतु पाहिल्याने पाहणाऱ्याचे कर्तव्य पुरे होते काय?

अमेरिकेतील १६५३ हृदयरुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी निम्म्या रुग्णांनी आपले वजन व लक्षणे रोज एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला सांगावयाची होती. त्यांतील सुमारे १४ टक्के रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. आणि मृत्यू किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण या गटात घटले नाही. जर्मनीतील १५७१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेथे वजन, रक्तदाब व हृदयालेख यांच्या जोडीला स्वतःला कसे वाटते हेही रुग्ण कळवीत आणि बर्लिनच्या केंद्रात डॉक्टर व परिचारिका अहोरात्र हजर असत. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत वर्षाला दर शंभरी सुमारे ११ मृत्यू झाले. देखरेखीखालील रुग्णांत सुमारे ८. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण व उपचार सारखे नव्हते, हे मान्य केले तरी हा फरक विचार करावयास लावणारा आहे.

पाळत ठेवणारा सुरक्षित अंतरावर राहू शकतो. काळजीचे तसे नाही. मराठीत 'काळजी' हा एकच शब्द चिंता आणि जोपासना असे दोन्ही अर्थ वाहतो. जो काळजी घेतो त्याला ती वाटलेलीही असते, असे आपली भाषा गृहीत धरते. यंत्र नोंद घेईल, इशाराही देईल. त्याला चिंता वाटणार नाही. ती वाटून घेणारा माणूस दुसऱ्या टोकाला असावाच लागतो.

दुसऱ्याच्या घरातील श्वास आणि झोप पाहण्याची मुभा जो मागतो, तो हाकेला धावण्याचे ऋणही पत्करतो. हे ऋण फेडण्याची तयारी नसेल तर यंत्र घरात न ठेवणेच अधिक प्रामाणिक होय. कारण उशाशी यंत्र आले की कोणीतरी पाहत आहे या भरवशावर घरची माणसे निश्चिंत झोपतात. त्यांचे जागरण ज्याने थांबविले, त्याने स्वतः जागे राहिले पाहिजे.