हात लाव त्या भिंतीला

बसू नकोस, उभा राहा. आणि आधी हात लाव त्या भिंतीला. तळवा नको, पालथा हात. गार लागतेय ना? एप्रिल महिना, दुपारचे तीन, बाहेर डांबर वितळतंय आणि तुझी भिंत माठासारखी गार!

पॅनेल मीच उचकटलं, रुपयाच्या नाण्याने. अर्धी वीतच निघालं, तेवढ्यात कुबट भपकारा आला. आत काळी बुरशी, खिळ्याभोवती गंज आणि खाली पिंजलेल्या कापसासारखा फुललेला पांढरा खार. पॅनेल कधी बसवलंस? मागच्या महिन्यात. घर विकायला कधी काढलंस? मागच्याच महिन्यात. मला गणित शिकवू नकोस.

म्हणे, "सर, जुनं घर आहे, थोडी ओल असायचीच." असायचीच की! सिडकोतली घरं चाळीस-चाळीस वर्षांची झाली, ओल धरली म्हणून मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण हे पॅनेल काही पावसाने आणून लावलं नाही.

तीन वर्षं पॉलिटेक्निकला माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलास. पाणी कुठून येतंय ते न बघता वरून रंग फासणाऱ्याला मी काय म्हणायचो, आठवतंय? तोंडावर पावडर थापून ताप उतरवणारा वैद्य. तू तोच झालास. गच्चीवर गेलास का एकदा तरी? या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. आलं की मोटार लावून झोपायचं आणि टाकी रात्रभर वाहू द्यायची. अख्खं गाव कोरडं आणि तुझी भिंत पाणी पिऊन तट्ट! ते पाणी बाहेर पडायला जागा हवी. तू आधी ऑइलपेंट दिलास, वर प्लास्टिक ठोकलंस. आता ते वायरिंगकडे जाईल.

अजिंठ्याला सहल नेली होती, तेव्हा तुला लेण्यात उभं करून सांगितलं होतं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी चित्रांवर शेलॅकचा लेप दिला. लेप पिवळा पडला आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो हलक्या हाताने उतरवत बसावं लागलं. त्यांना निदान चित्रं वाचवायची होती. तुला काय वाचवायचं होतं? दोन लाख?

"तिने विचारलं नाही." हे तर कहरच झालं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. कलम ५५ वाच. साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा असतो. नाही सांगितला तर कायदा त्याला फसवणूकच म्हणतो. आणि घर घेणारी ती बाई घाटी रुग्णालयात रात्रपाळ्या करते, पीएफ काढून तुला बयाणा दिलाय. पोराला दमा आहे हे तिने तुला याच खोलीत, याच भिंतीपाशी सांगितलं. तू मान हलवलीस.

रडू नकोस, मला आवडत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी पॅनेलं उतरव. फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटव. उद्या आतून दव धरलेलं दिसलं की तेच तिला दाखव, तुझ्या हाताने. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा कर, नाहीतर बयाणा परत दे.

आणि आता आधी वर जा. ऐक, टाकी परत वाहतेय.