चावला म्हणून शिक्षा?



सुटीत नाशिकच्या घराघरांतून मुले एखादा प्राणी मागतात. हौसेने आणलेला जर्बिल, म्हणजे लांब शेपटीचा उंदरासारखा चिमुकला जीव, पहिल्याच दिवशी बोटाला चावला तर त्याला फटका द्यावा का?

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते पशूला स्वतंत्र निर्णयशक्ती नसते. मग त्याचे चावणे अपराध कसे? एका धर्मगुरूंनीच, फादर आर्मां डेव्हिड यांनी, १८६६ साली उत्तर चीनमधून पॅरिसच्या संग्रहालयाकडे जर्बिल पाठविले. माळरानावरच्या या जिवाला वरून येणारा हात शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. आपण मात्र घाबरलेल्याला उद्धट ठरवून मोकळे होतो. (माणसांच्या बाबतीतही!)

शेपटीला धरून मुळीच उचलू नये, कातडी सोलून निघते. तळहातावर सूर्यफुलाचे बी ठेवून हात पिंजऱ्यात स्थिर टेकवावा. आठवडाभर तो जवळ आला नाही, तरी आपण हात पुढे नेऊ नये.