सिग्नल गेला म्हणू नकोस

कराड,
रविवार, रात्री

चि. सोनू,



तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तुझं ते रिमोटचं विमानच घोळतंय. काकू दोनदा म्हणाली, जेवताना तरी ताटात लक्ष द्या. घरी सगळे बरे आहेत. आजीचा गुडघा थंडीने कुरकुरतो, तरी सकाळी अंगणात फेऱ्या मारते आणि दर फेरीला विचारते, पोरगं नीट जेवतं ना तिकडे? विमान पडल्याचं तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पंधरवड्यात दोनदा पडलं आणि दोन्ही वेळा तू एवढंच म्हणालास, "सिग्नल गेला, काका." बाळा, मी तीस वर्षं पोलीस वायरलेसमध्ये सेट दुरुस्त केले. बिघडलेला सेट टेबलावर ठेवताना जो तो हेच म्हणायचा. उघडावा तर बॅटरीची क्लिप सैल, नाहीतर अँटेनाची तार मुळाशी तुटलेली. म्हणून लगेच नवा रिसीव्हर मागवायला निघू नकोस. आणि कारण सापडेपर्यंत ते विमान हवेत सोडू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझ्याच बोलण्यात मला दोन खुणा सापडल्या. विमान लांब गेलेलं नव्हतं, जेमतेम साठ-सत्तर मीटरवर होतं. आणि दोन्ही वेळा तू जोरात वळण घेत होतास. अंतरामुळे सिग्नल तुटायचा असता तर तो लांबवर तुटला असता. जोराच्या वळणात मात्र पाती हलवणारे चारही सर्व्हो एकदम ओढ घेतात. त्यातून गेल्या महिन्यात तू तीन सेलची बॅटरी काढून चार सेलची घातलीस. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या तुझ्या ईएससीत रिसीव्हरला वीज देणारा जो बीईसी आहे, तो जुन्या लिनिअर पद्धतीचा आहे, म्हणजे जादा व्होल्टेज तो नुसतं उष्णतेत घालवतो. भरलेली चार सेलची बॅटरी 16.8 व्होल्टची, रिसीव्हरला हवेत 5. मधले 11.8 व्होल्ट जिरवायचे. सर्व्होंनी 2 अँपिअर ओढले तर झाले साडेतेवीस वॉट. आपल्या माळ्यावरचा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा आहे, आठवतो ना? लहानपणी तुझ्या बोटाला त्याचा चटका बसला होता. तेवढी आग तू फोमच्या पोटात बंद करून उडवतोयस. बीईसी तापला की मान टाकतो, व्होल्टेज पडतं, आणि साडेतीनच्या आसपास आलं की बरेच रिसीव्हर क्षणभर झोपतात. पुन्हा जागे होईस्तोवर विमान जमिनीवर. पडल्यावर रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता म्हणालास. पुस्तिकेत त्याचा अर्थ बघ. मध्येच वीज जाऊन आल्याची ती खूण असते बऱ्याच रिसीव्हरमध्ये.

तेव्हा आधी प्रोपेलर काढ. मग रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत मल्टिमीटर लाव आणि दोन-तीन मिनिटं ट्रान्समीटरच्या सगळ्या काड्या एकदम हलवत राहा. आकडा पाचावरून घसरायला लागला की चोर सापडला. मीटर थोडा संथ असतो, क्षणभराची पडझड त्याला दिसत नाही, म्हणून आकडा स्थिर राहिला तरी बीईसीला बोट लावून बघ. चटका बसला तर स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी घे. तो जोडताना ईएससीच्या तीन तारांतली लाल तार पिनेतून काढून तिला टेप लाव, दोन बीईसी एकमेकांशी भांडायला नकोत.

आता अँटेना. तू पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. रिसीव्हरच्या दोन तारांपैकी एक कार्बनच्या दांडीला चिकटवलेली, दुसरी बॅटरीखाली दबलेली. अरे, कार्बन लहरींना अडवतो, बॅटरीही अडवते. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. तिचा चौथा भाग, म्हणजे 31 मिलिमीटर, एवढंच उघडं टोक खरं ऐकतं. मागची जाड करडी तार फक्त ऐकलेलं आत पोचवते. कंपासपेटीतली पट्टी घे आणि दोन्ही टोकं मोज. चाकू लागून एखादं आखूड झालं असेल तर ती तार बदल. दोन्ही टोकं एकमेकांशी काटकोनात, कार्बन, बॅटरी आणि मोटरच्या तारांपासून लांब बसव. एकाला ऐकू आलं नाही तरी दुसऱ्याला येईल. आणि हातातल्या ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखू नकोस. लहर मेदूवड्यासारखी चहूबाजूंनी पसरते आणि टोकाच्या दिशेला वड्याचं भोक असतं. तिकडे कोइमतूरला रोज वडा खातोस, तेव्हा हे लक्षात राहील.

तुला वाटेल काका फारच धसका घेतात. त्याला कारण आहे, आजवर तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांचं एक आणि माझं एक विमान होतं तेव्हा 27 मेगाहर्ट्झचे सेट होते, मीटरभर लांब तार शेपटीपर्यंत ताणलेली. एका क्रिस्टलवर एकाच वेळी एकानेच सेट लावायचा. म्हणून आम्ही कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर चॅनेलचे नंबर लिहिले होते. चिमटा ज्याच्या खिशात, त्यानेच सेट चालू करायचा. एका सकाळी बाबांचं विमान वर होतं आणि मी चिमटा न घेता माझ्या सेटचं बटण दाबलं. विमान एकदम कलंडलं आणि शेजारच्या भुईमुगाच्या रानात खुरपणाऱ्या बायांपासून पाच पावलांवर येऊन आपटलं. मोटर मातीतही घरघरत होती. त्यातली एक बाई खुरपं हातात धरून तशीच उभी राहिली, काही बोलली नाही. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. तुझ्या मैदानाच्या कडेने लोक फिरायला येतात असं तूच सांगितलंस ना?

आता चिमटे लागत नाहीत, तुझा सेट आपली वाट आपण शोधतो. पण सिग्नल तुटल्यावर मोटरने काय करायचं हे अजून तुलाच सांगून ठेवावं लागतं. बाइंड करताना, म्हणजे रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी जमवताना, थ्रॉटल अगदी खाली ठेव. मग प्रोपेलर काढलेलाच असू दे, मोटर हळू फिरव आणि ट्रान्समीटर बंद कर. मोटर थांबलीच पाहिजे. न थांबली तर पुन्हा बाइंड कर. एरवी मात्र ट्रान्समीटर आधी चालू आणि सगळ्यात शेवटी बंद, ही सवय मोडू नकोस.

त्यानंतर रेंज चेक. ट्रान्समीटर कमी ताकदीवर टाक, मित्राला विमान छातीएवढं उंच धरायला सांग आणि तीस पावलं चालत जा. त्याला सावकाश गोल फिरायला सांग, म्हणजे विमानाचं नाक, शेपूट, पोट सगळं तुझ्याकडे येईल. सर्व्हो कुठे अडखळतात का ते बघ. मित्राचं अंग मध्ये आलं तर तेही सिग्नल अडवतं, तेव्हा विमान अंगापासून दूर धरायला सांग. मग तेच सगळं मोटर चालू ठेवून पुन्हा कर. त्या वेळी प्रोपेलर बसवलेला असेल, म्हणून धरणाऱ्याने मागून घट्ट धरायचं, बाही दुमडून. घाई करू नकोस. पहिल्यांदा अर्धा तास लागेल.

पेरू यंदा भरपूर आलेत, पण प्रवासात टिकणार नाहीत. काकूने चिवडा केलाय, उद्या पार्सल टाकतो. डब्याखाली जुन्या टॉवेलात माझा मल्टिमीटर गुंडाळला आहे. काळी प्रोब थोडी सैल आहे, धरून वापर. प्रोपेलर काढलेल्या विमानाचा आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो पाठव. रात्री दहापर्यंत मी जागाच असतो.

तुझा,
अण्णाकाका