चालत जाण्याच्या अंतरावर

नारायण पेठेत मी भाड्याने राहतो त्या वन बीएचकेला लिफ्ट नाही, पार्किंग नाही आणि बाथरूमचा दरवाजा पावसाळ्यात फुगतो. भाडं 18 हजार. तरी बघितल्या बघितल्या मी हो म्हणालो. खाली उतरलं की पाच मिनिटांत अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, पलीकडे लक्ष्मी रोड, आणि झेड ब्रिज ओलांडला की डेक्कन. ऑफिस हिंजवडीला, पण आठवड्यातून तीनच दिवस जायचं असतं. वाकडला होतो तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढायचो. इथे महिन्याभरात इस्त्रीवाल्या काकांना माझं नाव पाठ झालं.

नावाचीच गोष्ट सांगायची आहे.

फ्लॅटसाठी फोन केला तेव्हा एजंटने तीन प्रश्न विचारले. काम कुठे करता, नॉनव्हेज खाता का, आडनाव काय. पहिल्याचं उत्तर खरं दिलं, दुसऱ्याचं अर्धं खरं ('घरी करत नाही'). तिसरं ऐकल्यावर त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, "मग काही प्रश्नच नाही, संध्याकाळी या."

दोन महिन्यांनी ऑफिसातला मित्र चहाला आला आणि जिन्याशीच थांबला. ही गल्ली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. याच फ्लॅटसाठी त्यानेही फोन केला होता. नाव सांगितल्यावर 'आत्ताच गेला' असं उत्तर मिळालं होतं. त्याने कॉल लॉग काढून दाखवला, तर तारीख मी फ्लॅट बघायच्या आठ दिवस आधीची. मित्र मुसलमान आहे. आता कोंढव्यात राहतो. त्याने हे हसत सांगितलं आणि चहात साखर कमी आहे म्हणाला.

आमच्या कामात असं होतं. ज्याचा इनपुट अटीत बसतो त्याला आत काय अट लिहिली आहे ते कळतही नाही. एरर दिसतो तो दुसऱ्याला.

मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. घर मालकाचं, कुणाला द्यायचं ते त्याने ठरवावं. कायदाही साधारण असंच म्हणतो. राज्यघटनेचं 15वं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते इथे भेदभावाला मनाई करतं. खासगी घर भाड्याने देण्याचा उल्लेख त्यात नाही. 2005 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीचा, सभासदत्व पारशांपुरतंच ठेवण्याचा नियम वैध मानला. म्हणजे लक्ष्मी रोडवर चालायचा हक्क माझ्या मित्राला घटनेने दिला आहे. त्या रस्त्यापाशी राहायचं की नाही, हे मात्र एजंट फोनवर ठरवतो.

दुसरा युक्तिवाद जास्त चिवट आहे. मी नसता घेतला तर माझ्यासारख्याच कुणीतरी घेतला असता, मित्राला मिळाला नसताच. हे खरंच आहे. पण या वाक्याने जगातली कुठलीही गोष्ट माफ करता येते, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही. मी कुणाला नाकारलं नाही, पण त्या नकाराचं भाडं भरून मी त्यात राहतो आहे. आणि कबूल करायला हवं, घर सोडावंसंही वाटत नाही. संध्याकाळी झेड ब्रिजवरून परत येताना अजूनही तितकंच बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात मालकांचा व्हॉट्सॲप मेसेज आला. खालचा फ्लॅट रिकामा होतोय, 'आपल्यातलं' कुणी असेल तर सांगा. मला वाटलं, संधी आहे. मित्राला फोन केला, "तुझा नंबर देऊ का? मी तुझ्याबद्दल बोलतो."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून मी दुसऱ्यांदा नाही ऐकून घेऊ का? तुला विचारायचं असेल तर तू विचार. माझं नाव कशाला हवं त्यात?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या नावामागे उभं राहून मी शूर होऊ बघत होतो.

माझा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतो. तो वाढवायचा तर मालक आणि मी, दोघांचेही अंगठे परत लागणार. काल रात्री मालकांना लिहिलं, "काका, आपल्यातलं म्हणजे कोण कोण? मुसलमान चालेल का?" दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही.