संतुष्ट माणसाने टाळ वाजवावा का?



आजचा श्लोक गीतेच्या बाराव्या अध्यायातला चौदावा. भगवंतांना प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं चालू आहेत, आणि इथलं पहिलंच लक्षण म्हणजे सतत संतुष्ट असणं. मग भक्ताने तक्रार करायचीच नाही का? आपल्याला बहुतेक वेळा हेच ऐकवलं जातं. ऑफिसात त्रास आहे? नाम घे. घरात अन्याय होतोय? नाम घे.

मला वारीतला एक दिवस आठवतो. माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात होती, लोणंद ते तरडगाव. चाल तशी छोटी. वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, त्यामुळे सगळे त्याच आनंदात. पण आमच्या दिंडीचा पाण्याचा टँकर दुपारभर आलाच नाही. माझ्या सॅकमध्ये दोन बाटल्या होत्या, माझं भागलं. वयस्कर मंडळींचे हाल झाले. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींना मी बाटली दिली, तर दोन घोट घेऊन म्हणाल्या, "असू दे माउली, माझं काय न्हाई."

मुक्कामाला समाजआरती असते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप उंचावतात, 'होऽऽ' अशी आरोळी उठते आणि हजारो टाळ एकदम थांबतात. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातल्या आरफळचे. अशा शिस्तीच्या सोहळ्यात, आणि तेही आरतीच्या आधी, तक्रारीला जागा राखून ठेवलीय. मला हे फार मोठं वाटतं.

त्या संध्याकाळी आमचे टाळ वाजत राहिले. बुवांनीच तशी खूण केली होती. ते स्वतः दिवसभर गळ्यात वीणा घेऊन तसेच तहानलेले चालले होते, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. शेजारचा एक पोरगा हळूच म्हणाला, "वारीत येऊन पण तक्रार?"

आजींचा संतोष खराच होता, ती त्यांची साधना. पण त्यांच्या तहानेबद्दल मी संतुष्ट राहायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? कालचा तेरावा श्लोक परत काढून बघा. त्यात करुणा आलीय, संतोषाच्या आधी.

आणि दुःख स्वतःचंच असेल तर? हे जास्त अवघड आहे. सोसणाऱ्या प्रत्येकाच्या मागे दिंडी उभी नसते. पण गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचाच आहे, आणि तो बोलत असताना भगवंत त्याला मध्येच थांबवत नाहीत. दुसऱ्या अध्यायात चांगलं खडसावतात, पण सगळं ऐकून झाल्यावर.

उद्याच्या श्लोकात, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही असा भक्त येतो. सगळे शांत असताना टाळ वाजवणाऱ्यांना तो कसा लावायचा, ते उद्या बघू.